सॅक घेऊन परदेशात एकटीनं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या जूनमध्ये मी पाठीवर सॅक टाकून एकटीच निघाले. १६ दिवस मलेशियात आणि ४५ दिवस व्हिएतनाममध्ये राहून चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, गोव्यातल्या मांद्रेला घरी परतले. तेव्हापासून पेडण्याच्या बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात लोक मला थांबवून तेच तेच विचारतात. काहींना व्हिसाची माहिती हवी असते. काहींना वेगळंच काहीतरी विचारायचं असतं आणि ते व्हिसापासून सुरुवात करतात. दोघांसाठीही इथे एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळं जग गोव्यात येतं. मग गोव्यातल्या माणसानं बाहेर कशाला जायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून उत्तरही लांबच देते.

आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मे तिथे पाहुणे असतात, बहुतेक परदेशी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारदरबारी कळवावी लागते. त्याला सी फॉर्म म्हणतात. आता तो ऑनलाइन भरतात, पण मी लहान असताना कागदावर लिहावा लागे. माझं अक्षर वळणदार, म्हणून बाराव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आलं. नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार. हंपी, वाराणसी, काठमांडू ही नावं मी आधी त्या शेवटच्या रकान्यात लिहिली आणि मग शाळेच्या नकाशात शोधली. पाहुण्यांबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं मला वाटायचं. कोण किती पाणी वापरतो, कोण उठून चादर घडी करून ठेवतो, कोण जाताना हिशेबात खोट काढतो, सगळं.

हनोईत पहिल्या रात्री गल्लीतल्या छोट्याशा हॉटेलात एका मुलीनं माझा पासपोर्ट मागितला. तिथेही घरमालकाला पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. वही उघडून ती माझं नाव एकेक अक्षर बघत उतरवत होती. जीभ किंचित बाहेर काढून, अगदी मी लिहायचे तशी. मग मान वर करून तिनं विचारलं, पुढे कुठे? मला उत्तर देता येईना. पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. शेकडो लोकांना मी हा प्रश्न विचारलाय आणि त्यांच्या तोंडून एखाद्या गावाचं नाव येईपर्यंत पेन हातात धरून थांबलेय. त्या थांबण्याच्या क्षणात समोरच्या माणसाच्या पोटात काय होत असेल, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

तर उत्तर असं की जग गोव्यात येतं हे खरं, पण ते आपल्या दारात पाहुणा म्हणून येतं. आपण मात्र कायम यजमानच राहतो. पाहुणं व्हायचं तर घर सोडावंच लागतं.

घरच्यांनी कसं सोडलं?

आईनं दोन अटी घातल्या. रोज एक फोन आणि चवथीआधी घरी. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधायला घरात दुसरं कोणी नाही हे तिनं चार वेळा ऐकवलं. बाबा तारवटी. आयुष्याची तीस वर्षं जहाजावर काढलेली. ते एवढंच म्हणाले, "कागदपत्रं दोन जागी ठेव, नि बंदरात पहिल्या दिवशी कोणाच्या शब्दावर जाऊ नकोस." दोन्ही सल्ले मी पाळले.

मी कोणाला न सांगता ठरवलं नव्हतं. वर्षभर आधीच विषय काढला होता. मे महिन्यात तिकीट काढून जूनमध्ये सांगितलं असतं तर घरात भांडण झालं असतं आणि चूक माझीच असती.

पावसाळ्यातच का? तिकडेही पाऊस असतोच ना?

सीझनवर पोट असलेल्या घराला पावसाळ्यातच सवड मिळते. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, खोल्या रिकाम्या होतात. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होतं आणि गाड्या हळू धावतात, त्यामुळे थिवीहून मुंबईला विमान पकडायला जाताना हाताशी भरपूर वेळ ठेवा.

तिकडचा पाऊस सगळीकडे एका वेळी पडत नाही. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दानांग, होई आन या भागात जून ते ऑगस्ट कडक ऊन असतं आणि खरा पाऊस सप्टेंबरनंतर येतो. उत्तरेला मात्र आपल्यासारखाच धो धो पाऊस आणि घाटात दरडी. बाली, लोम्बोकला आपल्या पावसाळ्यात कोरडे दिवस असतात. गोव्यातल्या माणसाला हे गणित फार सोयीचं आहे.

खर्च किती आला?

विमानाची तिकिटं धरून दीड लाखाच्या थोडं वर. मोठ्या खोलीतला एक पलंग रात्रीला दीड-दोन लाख डोंगांना मिळायचा. आकडा ऐकून दचकू नका. तेव्हा एका रुपयाला जवळजवळ ३०० डोंग मिळत, म्हणजे पलंग ५०० ते ७०० रुपयांना पडला. नोटांवरची शून्यं सवयीची व्हायला आठवडा जातो. तोवर प्रत्येक नोट देण्याआधी दोनदा बघा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एकदाच प्रवेश असेल तर शुल्क २५ डॉलर. मलेशियात भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं, फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागलं. हे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा.

पोर्तुगालचा पासपोर्ट का नाही काढलास?

गोव्यात कोणी परदेशी गेलं की हा प्रश्न ठरलेलाच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून ते नागरिकत्व घेता येतं, आणि त्या वाटेनं आपल्यातले कितीतरी जण इंग्लंडमधल्या स्विंडनपर्यंत पोचले. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तो पासपोर्ट घेतला की हा सोडावा लागतो. पोटासाठी ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना मी नावं ठेवणार नाही, माझ्या मावशीच्याच घरात ते घडलंय. मला दोन महिने फिरून घरी यायचं होतं. त्याला पणजीहून काढलेला साधा पासपोर्ट पुरला.

एकट्या बाईनं जाणं सुरक्षित आहे का?

मी काही गोष्टी कटाक्षानं पाळल्या. नव्या गावात दिवसाउजेडी पोचायचं. पहिल्या दोन रात्रींची जागा आधीच ठरवायची. बायकांची वेगळी खोली असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्यायची. कुठे उतरलेय ते रोज एका माणसाला कळवायचं. आणि नको असेल तेव्हा हसत हसत "नो" म्हणायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात कठीण गेलं. पाहुण्यांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडावर हसू चिकटलेलं असतं. मलेशियातल्या मलाक्काच्या बसस्टँडवर एक माणूस अर्धा तास सोबत चालत राहिला, तेव्हा मी पहिल्यांदा न हसता, मोठ्यानं नाही म्हटलं. तो लगेच वळला. माझे पाय मात्र बराच वेळ कापत होते.

बाकी, डिसेंबरात काळोख पडल्यावर माझ्याच गावच्या किनाऱ्यावर मी एकटी फिरत नाही. हनोईच्या तळ्याकाठी रात्री दहाला फिरले.

इंग्रजी नीट येत नाही. चालेल का?

चालेल. माझी शाळा मराठी, घरची बोली कोकणी. इंग्रजी पाहुण्यांकडून कानावर पडलं तेवढंच. पण तिकडे इंग्रजीही सगळीकडे चालत नाही.

मलाक्कात मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाईंना मी तिथल्या रीतीनं माकचिक म्हणायचे, म्हणजे मावशी. एका दुपारी जोराची सर आली. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "जेंडेला! जेंडेला!" मी उठले आणि खिडकी लावली. लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला ते समजलं होतं. आमच्याकडे जनेल म्हणतात. मग आम्ही दोघी घरभर फिरत सुटलो. त्यांचं मेजा, आपलं मेज. त्यांचं गेरेजा, आमची इगर्ज, म्हणजे चर्च. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. चार पाच शब्द दोन्हीकडे मागे राहिले आणि पाचशे वर्षांनी एका पावसात त्यांनी माझं काम केलं.

एकटं वाटलं नाही?

खूप वाटलं. पहिला आठवडा नवलाईत जातो. माझे हनोईतले तिसरा ते सहावा असे चार दिवस फार वाईट गेले. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जेवायचं, आजूबाजूला सगळे गप्पा मारतायत, आणि दिवसभरात माझ्या तोंडून दहा शब्दही निघालेले नसायचे. आई फोनवर विचारायची, "जेवलंस गो?" आणि माझा घसा भरून यायचा. म्हणून फोन लवकर ठेवायचे. तिला वाटायचं, लेक मजेत आहे, बोलायला वेळ नाही.

यावर माझ्याकडे रामबाण काही नाही. एक केलं, ते सांगते. रोज सकाळी एकाच बाईच्या गाडीवर नाश्ता करायला लागले. चौथ्या दिवशी तिनं न विचारता माझ्या वाडग्यात मिरची कमी घातली. एवढ्यानं दिवस निभावला.

आमच्या खोलीत मागे एक बाई उतरल्या होत्या, तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आम्ही आपसांत त्यांना घुमी म्हणायचो. आता त्या आठवतात.

आजारी पडलात तर काय?

पडले. होई आनमध्ये, पाचव्या आठवड्यात, १०२ ताप. अंग असं दुखत होतं की कूस बदलता येईना. ज्या घरी राहत होते तिथल्या आजीला सगळे बा म्हणत. त्यांच्या भाषेत आजीला बा. दुपार झाली तरी मी खाली आले नाही, म्हणून बा वर आली. दार ढकललं, थेट आत. माझ्या कपाळावर हात ठेवला, चपला काढून पलंगावर बसली आणि हिरव्या बाटलीतलं झणझणीत वासाचं तेल माझ्या तळव्यांना चोळायला लागली. एकमेकींचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता. संध्याकाळी तिनं वाडगा आणला. मऊ शिजलेला पांढरा भात, पाणी, मीठ. तिकडे त्याला चाओ म्हणतात. ती पेज होती. चमचा तिनं माझ्या हातात दिला नाही, तिनंच भरवलं.

मला रडू आलं ते घरच्या आठवणीनं नव्हे. मी चौदा वर्षांची असताना आमच्या मागच्या खोलीत एक परदेशी मुलगा तापानं तीन दिवस पडून होता. आईनं सांगितलं होतं, पाण्याची बाटली दारात ठेव आणि परत ये, आत जाऊ नकोस. मी तसंच केलं. दार अर्धवट उघडं होतं, आतून त्यानं काहीतरी म्हटलं. मी बाटली ठेवून पळाले. चौथ्या दिवशी तो पैसे देऊन गेला. फॉर्मवर पुढचं ठिकाण मी लिहिलं, गोकर्ण. तो तिथे धड पोचला का, ते मला कधीच कळणार नाही.

परत आल्यावर हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा तेव्हा तारवावर. घरात तू नि मी. परक्या पुरुषाच्या खोलीत तुला कशी पाठवू?" तिचंही बरोबरच होतं. मी तिला दोष देत नाही. पण त्याला नक्की काय हवं होतं ते दारातून तरी मला विचारता आलं असतं, आणि हे माझ्या मनातून जात नाही.

आता उपयोगाचं. दुसऱ्या दिवशी बाच्या नातीनं मला दवाखान्यात नेलं. तपासणीत डेंगी निघाला नाही, विम्याचे पैसेही नंतर मिळाले. त्या भागात डेंगी पुष्कळ असतो, म्हणून तापात मनानं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल ठीक. रक्त तपासा. विमा काढल्याशिवाय घर सोडू नका. दवाखान्याची प्रत्येक पावती जपून ठेवा.

तिकडे स्कूटर भाड्यानं घ्यावी का?

व्हिएतनाममध्ये घेऊ नका. गोव्यातल्या माणसाला हे पटायला जड जातं, आपण चाकांवरच वाढतो. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. म्हणजे तुमचा परवाना तिथे धरला जात नाही, आणि परवाना नाही तर अपघात झाल्यावर विमा कंपनीही हात वर करू शकते.

मी हा-जांगच्या डोंगरात तिथल्याच एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून चार दिवस फिरले. आपल्याकडचे मोटारसायकल-टॅक्सीवाले पायलटच म्हणा, फक्त पिवळा मडगार्ड नाही. मा-पी-लेंग घाटात खाली हजार हात खोल न्यो-क्वे नदी हिरवीगार दिसते. तो रस्ता १९५९ ते १९६५ या काळात माणसांनी हातांनी कातळ फोडून केलाय, त्याला आनंदाचा रस्ता म्हणतात. आमच्या पुढे दरड कोसळली आणि चार तास अडकलो. कोणी हॉर्न वाजवला नाही. एक बाई उकडलेली मक्याची कणसं विकत होती, आम्ही ती खात बसलो. पत्रादेवीच्या नाक्यावर दहा मिनिटं गाडी अडकली तर माझी चिडचिड व्हायची. आताही होते, पण कमी.

खाण्याचं काय? सोमवार पाळता येतो का?

आपण मासे खाणारी माणसं, भात आणि मासळी दोन्ही भरपूर मिळते. शाकाहारी जेवणाला तिथे चाय म्हणतात. आपला चहा नव्हे. तशी पाटी लावलेली खानावळ शोधायची. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार करतात, त्या दिवशी फार सोपं जातं. माझे सगळे सोमवार निभावले.

घासाघीस करावी का?

होई आनच्या बाजारात एक म्हातारी मँगोस्टीन विकत होती. आपल्या भिरंडीचाच, म्हणजे कोकमाचा, भाऊबंद, साल तशीच जांभळी. मी २०,००० डोंगांसाठी तिच्याशी पाच मिनिटं वाद घातला. जिंकले. खोलीवर येऊन हिशेब केला तर सत्तर रुपयांच्या आतली रक्कम. दोन हजारांच्या खोलीत शंभर कमी करा म्हणून आईच्या मागे लागणारे पाहुणे मला डोळ्यांसमोर दिसले, त्यांच्याकडे बघून मी किती जळफळायचे तेही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्याकडूनच फळं घेतली, तिनं सांगितलेल्या भावानं. भाव विचारून घ्या, फसू नका. पण कोणत्या रकमेसाठी भांडतोय ते आधी रुपयात मोजा.

बाहेर जाऊन गोव्याबद्दल नवीन काय कळलं?

मलाक्कात सेंट पॉलच्या टेकडीवर छप्पर नसलेलं एक पडकं चर्च आहे. आत जमिनीत एक उघडा खड्डा, वर लोखंडी जाळी, खाली लोकांनी टाकलेली नाणी. १५५२ मध्ये वारलेल्या फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्याला आणण्याआधी १५५३ मध्ये तिथे ठेवला होता. मी गेले त्याच वर्षी, २०२४ च्या नोव्हेंबरात, जुन्या गोव्यात त्याच देहाचं दर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन भरणार होतं, घरी सगळीकडे त्याचीच तयारी. आणि मी त्या रिकाम्या जागेपाशी उभी. शेजारच्या मायनं सांगितलं होतं म्हणून टेकडीखालच्या चर्चमध्ये तिच्या नावानं मेणबत्ती लावली. मी हिंदू, माय किरिस्तांव, पण गोंयचो सायब, म्हणजे हा झेवियर, दोघींचा.

मध्य व्हिएतनाममध्ये ‘मी-सोन’ नावाच्या जागी शिवमंदिरांचे विटांचे अवशेष आहेत, चौथ्या शतकापासूनच्या चाम राजांचे. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्यातली बरीच पडली. तिथलं शिवलिंग बघताना मला सारखं गोव्यातलं आपलं तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ आठवत होतं आणि ते जपून ठेवलेलं आहे याचं बरं वाटत होतं.

प्रवासानं माणूस खरंच बदलतो का?

आपोआप नाही. आमच्या खोल्यांत वीस वर्षं फिरणारी माणसं येऊन गेली, त्यातली काही कोणाकडेच नीट बघत नसत.

माझ्यात काय बदललं ते सांगते. मला मदत मागायला येत नव्हती. यजमानाच्या घरात वाढलं की आपण रस्ता सांगणारे, चावी देणारे, औषधाचं दुकान दाखवणारे. कोणाकडे काही मागायची वेळ आली की मला कमीपणा वाटायचा. नवरा-बायकोत बिनसलं तेव्हाही मी कोणाला सांगितलं नाही, एकटीनंच माहेरी सामान आणलं. ६१ दिवस रोज कोणाला ना कोणाला विचारावं लागलं. बस कुठली, उतरू कुठे, हे खायचं कसं. बापुढे तर तोंड उघडायची वेळच आली नाही, तिनं चमचा पुढे केला आणि मी घास घेतला. घरी आल्यावर मोठ्या भावाला फोन करून छप्पर शाकारायला मदत हवीय म्हणून सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. म्हणाला, इतकी वर्षं वाट बघत होतो.

रोजनिशी लिहावी का?

लिहा, हातानं, आपल्या भाषेत. आज काय पाहिलं ते फोटोत असतंच. कोणाशी बोललो आणि कशाची लाज वाटली ते लिहा.

परत आल्यावर जड जातं का?

पहिले पंधरा दिवस कोणाला काय सांगावं ते कळत नव्हतं. लोकांना फोटो हवे असतात. मग चवथ आली, माटोळीला बांधायची रानफळं गोळा करण्यात दिवस गेले आणि घर पुन्हा अंगवळणी पडलं. ऑक्टोबरात पहिला पाहुणा आला. सी फॉर्म भरताना पुढचं ठिकाण विचारलं, तो घुटमळला. मी म्हटलं, उद्या सांगितलं तरी चालेल. आता दुपारी बारापर्यंत एखादं दार उघडलं नाही तर मी जाऊन हाक मारते. आतून आवाज आला नाही, तर दार उघडते.

पुन्हा कधी?

येत्या पावसात, दहा दिवस, फक्त मलाक्का. आईला घेऊन. तिचा पासपोर्ट गेल्या महिन्यात आला. गुडघ्यांमुळे टेकडी चढवणार नाही म्हणते, पण माकचिकच्या स्वयंपाकघरात बसायचंय तिला. शेजारच्या मायनं मेणबत्त्यांचं पुडकं आत्ताच आणून दिलंय. ते देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे, पासपोर्टच्या शेजारी.